प्रकाशसंदेश आणि संधानाचा प्रश्न

तारेवाचून, मोकळ्या अवकाशातून प्रकाशाच्या साह्याने संदेश धाडण्याच्या विद्येचा इतिहास सांगताना आरंभ बहुधा १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी सिद्ध केलेल्या लेसरपासून केला जातो. हा आरंभ सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. प्रकाश उत्पन्न करणे हा या विद्येपुढील अर्धाच प्रश्न होय. उरलेला अर्धा तो इच्छित स्थळी नेऊन पोचविण्याचा, आणि तोच अधिक जुना व अधिक चिवट आहे. 'संधान' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ जोडणे असा. धनुष्याला बाण जोडण्याच्या क्रियेवरून त्यास नेम धरण्याचा अर्थ प्राप्त झाला. प्रस्तुत विद्येत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. नेम साधला तरच जोड होते.

पर्शियन आखाताच्या तारखात्यात कराची येथे काम करीत असताना हेन्री मॅन्स यांनी १८६९ मध्ये हेलिओग्राफ हे यंत्र तयार केले. तिकाटण्यावर बसविलेला एक आरसा, त्यास आडवा-उभा फिरविणारे स्क्रू आणि मॉर्सच्या संकेतलिपीसाठी एक कळ, एवढाच त्याचा संसार. कळ दाबली की आरसा किंचित कलून झोत लक्ष्यावर येई, सोडली की ढळे. परंतु खरी कल्पकता आहे ती नेम धरण्याच्या युक्तीत. आरशाच्या मध्यभागी एक लहानसा ठिपका मुलाम्यावाचून ठेवलेला असे. परावर्तित झोतात त्या ठिपक्याची सावली पडे. समोरच्या दांडीवरील खुणेची पट्टी आधी दूरच्या ठाण्याशी एका रेषेत आणावयाची आणि मग ती सावली त्या पट्टीवर आणून बसवावयाची, म्हणजे झोत ठाण्यावर गेलाच. प्रकाशाचा नेम सावलीने धरावयाचा, असा हा प्रकार!

सूर्यबिंबाचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असल्यामुळे आरशावरून निघालेला झोतही तितकाच पसरतो, १६ कि.मी. अंतरावर त्याची रुंदी जवळजवळ १५० मीटर भरते. ही मोठीच सवलत होय. उलट, सूर्य दर चार मिनिटांस एक अंश सरकत असल्याने स्थिर ठेवलेल्या आरशाचा झोत सुमारे दोन मिनिटांत आपल्या रुंदीइतका ढळतो. म्हणून संदेश चालू असतानाच स्क्रू फिरवीत सावली जागेवर राखणे हे चालकाचे अखंड कर्तव्य असे. सूर्य पाठीमागे असला तर दुसरा आरसा जोडावा लागे. दुसऱ्या अफगाण युद्धात (१८७८-८०) या यंत्राचा बराच उपयोग झाला, आणि १८९४ मध्ये अमेरिकेत युटा व कोलोरॅडो येथील दोन शिखरांदरम्यान १८३ मैलांवर त्याने संदेश नेला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि चार्ल्स टेंटर यांच्या १८८० च्या फोटोफोनने प्रकाशावर प्रत्यक्ष वाणी आरूढ केली खरी. तथापि त्याची मजल २१३ मीटरची, म्हणजे संधानाच्या दृष्टीने तो प्रश्न सोपाच.

लेसरमुळे हा प्रश्न सुटला नाही, उलट बिकट झाला. झोत जितका अरुंद, तितका दूरवर पोचणारा प्रकाश अधिक. पण तितकाच नेम चुकण्याचा संभवही अधिक. जानेवारी १९६८ मध्ये किट पीक आणि टेबल माउंटन येथून सोडलेले लेसरचे झोत चंद्रावरील सर्व्हेयर-७ च्या कॅमेऱ्याने टिपले. डिसेंबर १९९२ मध्ये टेबल माउंटन व स्टारफायर येथून गॅलिलिओ यानाकडे लेसरचे स्पंद धाडण्यात आले, आणि साठ लाख कि.मी. पर्यंत ते यानाच्या कॅमेऱ्यास दिसले. दोन्ही प्रसंगी यान केवळ पाहणारे होते. उत्तर देणारे नव्हते.

उत्तर देण्याची अडचण सायकी यानावरील प्रयोगात स्पष्ट दिसते. ११ डिसेंबर २०२३ रोजी हे यान सुमारे ३ कोटी १० लाख कि.मी. दूर होते आणि तेथून निघालेल्या प्रकाशास पृथ्वी गाठावयास १०१ सेकंद लागले. यानावरील दुर्बिणीचा व्यास २२ सें.मी. आणि तरंगलांबी १५५० नॅनोमीटर धरता झोत एवढ्या अंतरावर काहीशे कि.मी. रुंद होतो, असे ढोबळ गणित आहे. पृथ्वी मात्र सूर्याभोवती सेकंदास ३० कि.मी. वेगाने फिरत तेवढ्या अवधीत ३००० कि.मी. पुढे जाते. तेव्हा पृथ्वी जेथे दिसते तेथे झोत टाकणे व्यर्थ. धावत्या हरणाच्या पुढे बाण सोडणाऱ्या पारध्याप्रमाणे, ती जेथे असेल तेथे तो टाकावा लागतो. यानाला पृथ्वीची दिशा कळावी म्हणून टेबल माउंटनवरून एक दीपझोत त्याच्याकडे रोखलेला असतो. यान तो धरून ठेवते आणि त्यापासून हिशेबाने हटून आपला झोत सोडते. यानाच्या स्वतःच्या कंपनांनी नेम बिघडू नये म्हणून दुर्बीण त्यापासून अलग राखणाऱ्या आधारांवर बसविली आहे. हेलिओग्राफच्या चालकाचा हात येथे यंत्राने घेतला, पण काम तेच आहे. त्या दिवशी सेकंदास २६ कोटी ७० लाख अंकबिंदू या वेगाने आलेली, पालोमार येथील ५ मीटरच्या दुर्बिणीने ग्रहण केलेली चित्रफीत एका मांजराची होती. ते लेसरच्या ठिपक्यामागे धावत होते. शास्त्रज्ञांच्या या विनोदाची नोंद इतिहासकाराने अवश्य घ्यावी.

२ सप्टेंबर २०२५ रोजी, सुमारे ३५ कोटी कि.मी. अंतरावरून पासष्टाव्या वेळी संकेतांची देवघेव होऊन हा प्रयोग समाप्त झाला.