गावाचे नाव आणि घरचे पत्र

दिवाळीची झाडलोट सुरू झाली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली, की पणत्यांच्या आधी माझ्या हाती एक पोस्टकार्ड लागते. ते वडिलांचे आहे. सन 2002 मधले.

त्या वर्षी मी एकवीस वर्षांचा होतो आणि मेळघाटातल्या एका लहानशा गावी कोरकू मुलांची रात्रशाळा चालवायला स्वयंसेवक म्हणून राहिलो होतो. टेलिफोन होता तो तालुक्याच्या गावी. घराशी संबंध काय तो पन्नास पैशांच्या कार्डाचा. वडिलांनी लिहिले होते, ‘चि. यास अनेक आशीर्वाद. दिवाळीस चार दिवस येऊन जावे. तुझ्या आईस बरे वाटेल.’ हे कार्ड मला मिळाले तेव्हा तुळशीचे लग्नसुद्धा होऊन गेले होते. जिल्ह्यात त्याच नावाचे दुसरे एक गाव होते. तिथे ते आधी जाऊन आले होते. दोष टपालाचा नव्हता. मीच घरी पत्ता कळवताना नुसते गाव आणि जिल्हा लिहिला होता. पुढच्या दिवाळीला वडील नव्हते.

पुढे मास्तरकी करताना इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की या घोटाळ्यातून थोरामोठ्यांचीही सुटका झालेली नाही. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावी राहायला गेले. ग्रामसेवा करायची तर गावातच राहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पण माणूस आडगावी गेला म्हणून त्याची पत्रे थोडीच थांबतात? आणि बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव. ते तर रेल्वेच्या रस्त्यावरचे! सेगावची पत्रे शेगावास जाऊ लागली. अखेर 1940 साली गावाचेच नाव बदलले आणि ते ‘सेवाग्राम’ झाले. आज त्या नावात आपल्याला केवढा मोठा अर्थ दिसतो! पण चुकलेल्या टपालाचाही त्यात वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

गांधीजींच्या आधी याच सेगावी येऊन राहिलेल्या मीराबेन या इंग्रज आरमारातल्या एका ॲडमिरलच्या कन्या. 1925 साली त्या घरदार सोडून हिंदुस्थानात आल्या. विलायतेचे पत्र तेव्हा आगबोटीने यायचे. पंधरवडा सहज उलटायचा. 1928 साली वडील तिकडे वारले. बापलेकीची पुन्हा भेट झाली नाही. सेवेला जाणाऱ्याच्या त्यागाची नोंद इतिहास करतो. मागे राहिलेल्यांनी दाराकडे डोळे लावून काढलेल्या दिवसांची नोंद कोण ठेवणार?

प्रत्येक गावाला काही नाव बदलून घेता येत नाही. त्यावर तोड काढली ती आपल्याच एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या योजनेतून 15 ऑगस्ट 1972 पासून सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची वाटणी करणारा जिल्हा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. सेवाग्रामचा 442102, शेगावचा 444203. नावे कितीही सारखी असोत, आता घोटाळा नाही. म्हणजे माझ्या वेळेला हा उपाय तीस वर्षांचा जुना झाला होता. मी तो लिहिला नाही, एवढेच.

आज माझे विद्यार्थी शिबिराला जातात आणि गावच्या टेकडीवर चढून आईशी बोलतात, तिचा चेहराही पाहतात. आनंद वाटतो. तरी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गात प्रत्येकाला एकेक कोरे कार्ड देतो आणि घरी पत्र लिहायला सांगतो. मुले विचारतात, ‘गुरुजी, आम्ही तर संध्याकाळी घरीच जाणार, मग पत्र कशाला?’ मी म्हणतो, ‘लिहा. पत्ता मात्र पुरा लिहा.’

आणि सगळी कार्डे स्वतः तपासून, मगच पेटीत टाकतो.