गळती कुणाची? घरी बांधलेल्या विमानाचा इतिहास एका जोडापासून वाचताना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात संशोधन करायचं ठरवलं की आपल्यापैकी बहुतेकांचा हात आधी मोठ्या वस्तूकडे जातो. धरण, रेल्वे, अणुभट्टी. आज मी तुम्हाला बोटाच्या पेराएवढी एक वस्तू दाखवणार आहे. विमानाच्या टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या इंधनाच्या नळीचा जोड. आणि विमानही कारखान्यातलं नाही, कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये बांधलेलं. अमेरिकेत अशी हजारो विमानं उडतात, आणि त्यांच्याभोवती कागद इतका साचलेला आहे की नवख्या संशोधकाला एक जन्म पुरणार नाही.

आधी जोड समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

आपल्याकडचा प्लंबर जीआय पाइप जोडताना आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा फासतो, आणि आजकाल पांढरी टेफ्लॉन टेप. हे का करावं लागतं? कारण त्या पाइपचे आटे निमुळते असतात, 16 ला 1 या उताराने. फिरवत गेलं की आटे एकमेकांत आवळत जातात, पण आट्याच्या माथ्याशी आणि तळाशी एक बारीक वळणदार फट उरतेच. पाणी त्या जिन्यावरून गोल फिरत बाहेर येतं. ती फट भरायला काहीतरी हवं. अमेरिकेत या आट्यांची मापं 1862 मध्ये फिलाडेल्फियातल्या रॉबर्ट ब्रिग्ज यांनी ठरवली आणि 1886 मध्ये तिथल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने ती प्रमाण मानली. आपले पाइप ब्रिटिश मापाचे, आट्याचा कोन वेगळा, पण उतार तोच.

विमानात टाकी, पंप, फिल्टर यांच्या तोंडाशी असे निमुळते आटे येतात आणि तिथे सीलंट लागतंच. पण टेफ्लॉन टेप मात्र चालत नाही. टेपचा एखादा धागा सुटून इंधनात गेला तर तो फिल्टरमध्ये किंवा कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात जाऊन बसतो. नळ गळला तर बादली ठेवता येते, इथे इंजिन बंद पडतं. म्हणून तिथे पेस्टसारखं सीलंट लावतात, तेही पहिला एक-दोन आटा कोरडा सोडून.

दुसऱ्या प्रकारच्या जोडात नेमकं उलटं. ॲल्युमिनियमच्या नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवायचं, ते शंकूवर बसवायचं आणि नटने आवळायचं. याला फ्लेअर म्हणतात. इथे आटे सरळ असतात, ते फक्त ओढून धरायचं काम करतात. गळती थांबवतं ते धातूवर धातूचं टेकणं. त्यामुळे इथे सीलंट अजिबात लावायचं नाही. लावलं तर वाईट फ्लेअर झाकला जातो आणि सुकलेला तुकडा नळीत पडतो. आणखी एक गंमत: विमानाचा फ्लेअर 37 अंशांचा, मोटारीचा 45 अंशांचा. मोटारीच्या दुकानातलं हत्यार आणून फ्लेअर केला तर तो बसल्यासारखा दिसतो, पण कडेवरच टेकतो.

म्हणजे बघा, एकाच नळीवर चार बोटांच्या अंतरात एका जोडाला सीलंट हवंच आणि दुसऱ्याला नकोच. कारखान्यात हे माहीत असलेला कामगार असतो, त्याच्यावर तपासनीस असतो, त्याच्यावर शिक्का असतो. गॅरेजमध्ये हे ज्ञान कसं पोचलं? मला हा खरा ऐतिहासिक प्रश्न वाटतो.

सुरुवातीला ते मासिकांतून पोचलं. मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपोल यांनी फोर्डच्या मॉडेल-ए मोटारीचं इंजिन विमानाला लावलं आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे आराखडे छापून आले. त्या पिढीच्या साध्या विमानांत टाकी इंजिनापेक्षा उंचावर आणि इंधन आपल्या वजनाने खाली, त्यामुळे जोड मोजकेच. मग कायदे कडक झाले आणि घरगुती विमानांना बहुतेक ठिकाणी जागा उरली नाही. ओरेगॉनचे जॉर्ज बोगार्डस 1947 मध्ये आपलं ‘लिटल जी बी’ हे छोटं विमान उडवत देश ओलांडून थेट वॉशिंग्टनला गेले, अधिकाऱ्यांना दाखवायला की बाबांनो, हे उडतं. 1950 च्या दशकात हौशी बांधणीला ‘प्रायोगिक’ गटात अधिकृत स्थान मिळालं. 1953 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. हा सगळा भाग विजयगाथेसारखा लिहिलेला तुम्हाला पुष्कळ सापडेल, म्हणून मी इथे रेंगाळत नाही.

रेंगाळण्यासारखं आहे ते नियमाच्या शब्दांत. सगळे त्याला ‘51 टक्के नियम’ म्हणतात, पण मूळ नियमात हा आकडा नाही. विमानाचा ‘मोठा भाग’ अशा लोकांनी घडवलेला आणि जोडलेला असावा, ज्यांनी हे काम केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी घेतलं, असं तो म्हणतो. शिक्षणासाठी! शासनाने इथे विमानाच्या उत्तमतेची हमी दिलेली नाही, बांधणाऱ्याच्या हेतूची नोंद केली आहे. आणि ज्याने ते बांधलं त्याला त्याच एका विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा परवाना मिळू शकतो. विमान विकलं की हा परवाना नव्या मालकाकडे जात नाही. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

किटचा काळ आला तसं ज्ञानाचं वाहनही बदललं. ओरेगॉनच्या रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीची आरव्ही मालिकेतली 11,000 हून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. त्यांच्या टाक्या म्हणजे पंखाचाच पुढचा भाग असतो: पत्रे, रिव्हेट आणि त्यांच्या मधे पॉलिसल्फाइड सीलंट. दोन भाग मिसळायचे आणि ते घट्ट व्हायच्या आत काम उरकायचं. काळं, चिकट, आणि वास असा की कपडे टाकून द्यावे लागतात. या पदार्थाची कुळकथाही ऐका. 1920 च्या दशकात कॅन्सस सिटीत जोसेफ पॅट्रिक हे रसायनतज्ज्ञ मोटारीसाठी गोठणरोधक द्रव शोधत होते. हाती लागला तो न विरघळणारा, दुर्गंधी गोळा. त्यातून थायोकोल कंपनी उभी राहिली. पुढे हीच कंपनी रॉकेटची घन इंधनं बनवू लागली, आणि 1986 मध्ये चॅलेंजर यान ज्या बूस्टरच्या सांध्यातल्या गळतीमुळे नष्ट झालं तो बूस्टर तिच्याच वारसदार कंपनीचा होता. इतिहासात असे योगायोग भेटतात. त्यावर सिद्धांत उभारू नका, पण तळटीप जरूर द्या.

टाकी झाली की ती फुग्याने तपासतात. खरंच. सगळी तोंडं बंद करायची, एका तोंडावर फुगा बांधायचा, अगदी थोडी हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. दाब जास्त झाला तर टाकीच फुगून बिघडेल, म्हणून सुरक्षेची झडप हा फुगाच. फुगा दुसऱ्या दिवशी मऊ पडला तर? गळती असेल, किंवा रात्री गारठा वाढला असेल, किंवा हवामानाचा दाब बदलला असेल. बुडबुडा दिसल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. हे ज्ञान हाताचं आहे. मायकेल पोलानी यांनी ज्याला शब्दांत न मावणारं ज्ञान म्हटलं, त्याचं याहून सोपं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

आता ते प्रकरण, ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला.

12 ऑक्टोबर 1997. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात, पॅसिफिक ग्रोव्हजवळ, एक लाँग-ईझेड विमान कोसळलं. चालवत होते गायक जॉन डेन्व्हर. लाँग-ईझेड हे बर्ट रुटान यांच्या रचनेचं, फायबरग्लासचं, मागे इंजिन असलेलं विमान. डेन्व्हर यांनी ते बांधलेलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलं होतं. दोन्ही बाजूंना एकेक टाकी, आणि कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा एक व्हॉल्व्ह.

रुटान यांच्या आराखड्यात हा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या पायांच्या मधे आहे. या विमानात तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेला होता. का? बांधणाऱ्याला कॉकपिटमध्ये इंधनाच्या नळ्या नको होत्या. थांबून विचार करा: हा वेडेपणा नाही. नळी आत आणली की जोड आत येतात, आणि जोड म्हटला की गळण्याची शक्यता आली. गळतीची भीती बाळगून एका माणसाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता तो. पण व्हॉल्व्ह फिरवायचा तर वैमानिकाला काठीवरचा उजवा हात सोडून, डावीकडे वळून, तो हात खांद्यामागे न्यावा लागे. तपासकर्त्यांना आढळलं की असं वळताना आधारासाठी उजवा पाय आपसूक रडरच्या पेडलवर दाबला जातो. हँडलवर खुणा नव्हत्या. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काचांवरही नव्हत्या. उड्डाणाआधी हँडलपर्यंत हात पोचत नाही यावर एका तंत्रज्ञाशी बोलणं झालं, लॉकिंग पक्कड लावून ते लांबवण्याचा प्रयत्नही झाला, जमला नाही. इंधन भरायचं का असं विचारलं तेव्हा डेन्व्हर नको म्हणाले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 1999 मध्ये निष्कर्ष दिला. संशोधक म्हणून तुम्ही तो वाचाल तेव्हा त्याच्या रचनेकडे बघा. ‘कारण’ या सदरात वैमानिकाचं लक्ष विचलित होणं, नकळत उजवा रडर दाबला जाणं आणि इंधन न भरणं. बांधणाऱ्याचा व्हॉल्व्ह हलवण्याचा निर्णय, खुणा नसलेल्या काचा आणि वैमानिकाचा या विमानावरचा अपुरा सराव हे ‘घटक’ या सदरात. तीच माहिती, तेच पुरावे, पण दोन सदरं, आणि जबाबदारीची उतरंड तयार. मंडळाला दोष द्यायला मी हे सांगत नाहीये, त्यांचं काम पुढचा अपघात टाळणं आहे. पण आपण इतिहास लिहिताना ती सदरं जशीच्या तशी उचलली तर त्यांची उतरंडही आपल्या प्रबंधात शिरते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मला स्वतःला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती मघाची ओळ. परवाना हस्तांतरित होत नाही, आणि ज्ञानही होत नाही. व्हॉल्व्ह तिथे का आहे, कोणत्या दिशेला फिरवला की काय होतं, काचेत दिसणाऱ्या पातळीचा खरा अर्थ काय, हे बांधणाऱ्याच्या डोक्यात होतं. कारखान्याचं विमान विकलं जातं तेव्हा त्याचं पुस्तक बरोबर जातं. इथे यंत्र गेलं आणि त्याचं स्पष्टीकरण मागे राहिलं.

एकट्या प्रकरणावरून इतकं बोलायचं का, असं तुमचे मार्गदर्शक विचारतील, आणि विचारायलाच हवं. म्हणून 2012 मध्ये याच मंडळाने हौशी बांधणीच्या विमानांवर केलेला अभ्यास शेजारी ठेवा. 2011 मधले असे 224 अपघात त्यांनी तपासले. त्यातली निम्म्याहून जास्त विमानं सध्याच्या मालकाने बांधलेली नव्हती, वापरलेली घेतलेली होती. 14 अपघात नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले. मात्र सावध: हे अपघातांमधलं प्रमाण आहे. अशा मालकांची एकूण संख्या आणि उड्डाणाचे तास हाताशी असल्याशिवाय ‘धोका अमुक पट’ असं वाक्य लिहू नका. त्या अभ्यासाच्या शिफारशींत एक आपल्या जोडाशी थेट भिडते: विमानाला पहिलं प्रमाणपत्र देतानाच इंधनव्यवस्थेची चाचणी घेतल्याचा कागद मागा.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे अर्थातच अमोल यादव. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, 2016 च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि 2017 मध्ये डीजीसीएकडून त्याला नोंदणी मिळाली. बातम्यांमध्ये गच्ची आणि जिद्द भरपूर आहे. नोंदणीला इतकी वर्षं का लागली आणि त्या पत्रव्यवहारात शासनाने बांधणाऱ्याकडे कोणकोणते कागद मागितले, यावर मराठीत कुणी नीट लिहिलेलं मी वाचलेलं नाही. विषय शोधत असाल तर हा घ्या.

सुरुवात कुठून करायची? डेन्व्हर अपघाताच्या अहवालापासून. मंडळाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. निष्कर्षाचं पान शेवटी वाचा. आधी वस्तुस्थितीचं कथन वाचा, शेजारी कोरा कागद ठेवा आणि दोन रकाने आखा: एकात यंत्राबद्दलची वाक्यं, दुसऱ्यात माणसांबद्दलची. व्हॉल्व्हची जागा तुम्ही कोणत्या रकान्यात लिहिलीत ते मला कॉमेंटमध्ये सांगा.