मंगळावरील ड्रोनचे ‘डोळे’ : कॅमेऱ्यांवरच उड्डाणाची मदार

नवी दिल्ली : मंगळावर उपग्रहाधारित दिशादर्शन प्रणाली नाही. संपूर्ण ग्रहाला व्यापणारे चुंबकीय क्षेत्र नसल्याने होकायंत्रही तेथे निरुपयोगी ठरते. त्यामुळे ‘नासा’च्या ‘इन्जेन्युइटी’ या १.८ किलो वजनाच्या हेलिकॉप्टरची मदार कॅमेऱ्यावर होती.

१९ एप्रिल २०२१ रोजी प्रथम उडालेल्या या ड्रोनवर दोन कॅमेरे होते. भूप्रदेशाची रंगीत छायाचित्रे १३ मेगापिक्सेलचा कॅमेरा टिपत असे. मार्ग दाखवण्याचे काम मात्र खाली रोखलेल्या, अवघ्या ६४० × ४८० पिक्सेलच्या कृष्णधवल कॅमेऱ्याकडे होते. तो सेकंदाला ३० छायाचित्रे घेई. त्यांतील दगड व खुणा किती सरकल्या, यावरून आणि लेसर उंचीमापक व जडत्व संवेदकांच्या नोंदींवरून संगणक वेग व स्थान ठरवत असे.

२२ मे २०२१ रोजी सहाव्या उड्डाणात एक छायाचित्र गहाळ झाले, पुढील छायाचित्रांच्या वेळनोंदी चुकल्या आणि ड्रोन हेलकावे खाऊ लागले. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात छायाचित्रे न वापरण्याची रचना असल्याने ते नियोजित जागेपासून पाच मीटरच्या आत सुखरूप उतरले.

१८ जानेवारी २०२४ रोजी ७२व्या उड्डाणात खाली जवळपास खुणाविरहित वाळू होती. वेगाचा अंदाज चुकला, पाती तुटली आणि मोहीम संपली.

भारताच्या ‘चांद्रयान-३’च्या लँडरवरही आडवा वेग मोजणारा आणि धोकादायक जागा ओळखणारे असे स्वतंत्र कॅमेरे होते. त्यांच्या साह्याने २३ ऑगस्ट २०२३ रोजी तो चंद्रावर अलगद उतरला.