'प्रेझेंटली' म्हणजे केव्हा?

शब्दांचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे वक्ते बहुधा नामांकडे वळतात. अमुक फळाचे नाव कोणत्या देशातून आले, तमुक कापडाला कोणत्या बंदराचे नाव चिकटले, ही माहिती गोड असते आणि घरी जाऊन सांगताही येते. क्रियाविशेषण हे त्या मानाने बिचारे गरीब. वाक्यात ते कोपऱ्यात उभे असते आणि त्याची चौकशी कोणी करीत नाही. आम्ही आज अशाच एका इंग्रजी क्रियाविशेषणाची हकीकत सांगणार आहोत. ते आहे 'प्रेझेंटली'.

जुन्या वळणाच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचलेल्यांना हा शब्द 'थोड्या वेळाने' या अर्थाने ठाऊक असतो. कचेरीत पत्रव्यवहार करणाऱ्यांना तो 'सध्या' या अर्थाने ठाऊक असतो. दोन्ही अर्थ खरे आहेत. परंतु याखेरीज तिसरा एक अर्थ होता, 'ताबडतोब, याच क्षणी' असा, आणि एके काळी तोच मुख्य होता. तो आज गेला. शब्द राहिला आणि अर्थ गेला, की वाचकाची मोठी फसगत होते. कारण अनोळखी शब्द आला तर आपण कोश उघडतो, ओळखीचा चेहरा दिसला की बिनदिक्कत पुढे जातो.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ समोर असलेला, हजर असलेला. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याला इंग्रजी प्रत्यय लागून 'प्रेझेंटली' झाला. जो क्षण समोर हजर आहे त्या क्षणी, म्हणजे आत्ता. आणि हुकमाच्या वाक्यात 'आत्ता' म्हणजे ताबडतोब. इथवर सारे सरळ आहे.

शेक्सपिअरचे 'द टेंपेस्ट' हे नाटक १ नोव्हेंबर १६११ रोजी राजा पहिला जेम्स याच्यापुढे झाले. त्याच्या चौथ्या अंकात जादूगार प्रॉस्पेरो आपला सेवक एरियल याला हुकूम सोडतो की, इतर भूतगणांना घेऊन ये, या तरुण जोडप्याला आमच्या विद्येची करामत दाखवावयाची आहे. एरियल एका शब्दात विचारतो: 'प्रेझेंटली?' आता यात आपला आजचा अर्थ घालून पाहा. 'थोड्या वेळाने आणू का?' असा प्रश्न झाला, तर उत्तर 'छे, लगेच!' असे यावयास हवे. पण प्रॉस्पेरो 'होय' म्हणतो, आणि वर सांगतो की पापणी लवते न लवते तोच. त्या एका 'होय'ने निकाल लागतो. एरियलचा प्रश्न 'ताबडतोब का?' असाच होता.

त्याच १६११ साली जेम्स राजाच्या आज्ञेने झालेले बायबलचे भाषांतर छापून निघाले. पुढे अडीच-तीनशे वर्षे इंग्रजी बोलणाऱ्या जगाने हा ग्रंथ घरोघरी वाचला. त्यात मत्तयाच्या शुभवर्तमानात निष्फळ अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे. येशूला भूक लागलेली, झाडावर पाने तेवढी; तो झाडाला शाप देतो आणि झाड 'प्रेझेंटली' वाळून जाते. मूळ ग्रीक शब्द 'त्याच क्षणी' असे सांगणारा आहे. शिष्यही विचारतात की, हे इतक्या झटकन कसे वाळले? हीच गोष्ट मार्काने निराळी सांगितली आहे. त्याच्याकडे शाप एका दिवशी दिला जातो आणि झाड मुळापासून वाळलेले दिसते ते दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे दोन शुभवर्तमानांत काळाचा स्पष्ट फरक आहे. अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. परंतु ज्या भाविकाच्या कानात 'प्रेझेंटली' म्हणजे 'काही वेळाने' असे बसले आहे, त्याला हा फरक जाणवणारच नाही. काही वेळाने वाळले, दुसऱ्या दिवशी दिसले, जुळले! दोन साक्षींमधला विरोध एका क्रियाविशेषणाने परस्पर मिटवून टाकला, आणि त्याची कोणाला दादही नाही.

याच ग्रंथात 'बाय अँड बाय' हा दुसरा शब्दप्रयोग आहे. आज त्याचा अर्थ 'यथावकाश, पुढेमागे'. हेरोदियाच्या मुलीने नाचून राजा हेरोदाला प्रसन्न केले आणि आईच्या सांगण्यावरून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात मागितले. केव्हा? तर 'बाय अँड बाय'. आजचा वाचक समजेल की, सवडीने द्या असे ती म्हणाली. प्रत्यक्षात ती म्हणते की आत्ताच्या आत्ता, इथेच, पाहुणे पानावर असतानाच. मागणीतला सगळा भयंकरपणा त्या 'आत्ता'त आहे. राजाला विचार करावयास वेळ मिळू नये, एवढ्यासाठीच तो आहे. लूकच्या शुभवर्तमानात तर गंमत याहून मोठी. तेथे युद्धे आणि बंडाळ्या यांच्याविषयी सांगून म्हटले आहे की, तरी शेवट 'बाय अँड बाय' नाही. म्हणजे शेवट लागलीच नाही, अवकाश आहे. आजच्या अर्थाने वाचले तर शेवट पुढेमागेही यावयाचा नाही असे होते. एवढ्या मोठ्या भविष्याचा अर्थ उलटा होऊन बसला!

१८८१ साली नव्या कराराची सुधारलेली आवृत्ती निघाली तेव्हा या तिन्ही जागा बदलल्या. पुढे १९४६ च्या अमेरिकन आवृत्तीने साधे 'अ‍ॅट वन्स' घातले. त्या मंडळाचे अध्यक्ष वाइगल यांनी ब्रिजेस यांच्यासह १९६० साली अशा जुन्या शब्दांवर एक सबंध पुस्तकच प्रसिद्ध केले.

हे असे व्हावे का? या प्रश्नाला एक जुने उत्तर आहे, आणि ते देणारा गृहस्थ मोठा रसिक होता. रिचर्ड ट्रेंच हा धर्मोपदेशक, पुढे डब्लिनचा आर्चबिशप. शब्दांवरची त्याची व्याख्याने १८५१ साली पुस्तकरूपाने निघाली. १८५७ साली त्याने लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळापुढे इंग्रजी कोशांच्या उणिवांवर जे निबंध वाचले, त्यांतूनच पुढे ऑक्सफर्डच्या प्रचंड कोशाचे काम उभे राहिले. अर्थ पालटलेल्या शब्दांचा त्याने १८५९ साली एक छोटा संग्रह केला. त्यात त्याने या दोन्ही शब्दांच्या घसरणीचे खापर मनुष्याच्या हाडीमासी खिळलेल्या चालढकलीवर फोडले आहे. माणूस 'आत्ता' म्हणतो आणि उशिरा करतो. असे शंभर वर्षे चालले की 'आत्ता'चा अर्थच 'उशिरा' होतो.

ट्रेंचच्या म्हणण्याला पुरावा भरपूर आहे. आजचा 'सून', म्हणजे 'लवकरच', हा जुन्या इंग्रजीत 'तत्क्षणी' या अर्थाचा होता. 'अनॉन'चीही तीच कथा. 'एकात', 'एका झटक्यात' अशा दोन जुन्या शब्दांचा तो जोड. आरंभी अर्थ 'ताबडतोब', नंतर 'थोड्या वेळाने', आणि आता तो केवळ थट्टेत उरला आहे. (कवितेखाली 'अनॉन' असे छापलेले असते तो शब्द वेगळा, 'अनामिक' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तो संक्षेप आहे, आणि त्या नावाचा कवी शोधण्याची खटपट कोणी करू नये.) शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात दारूच्या गुत्त्यात काम करणारा फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला एका खोलीत बोलण्यात गुंतवतो आणि त्याचा सोबती दुसऱ्या खोलीतून हाका मारतो. पोरगा दर हाकेला 'अनॉन, अनॉन' म्हणतो आणि जागचा हलत नाही. हे नाटक १५९८ साली छापले गेले. शब्दाचा अर्थ कसा झिजतो याचे प्रात्यक्षिकच त्या प्रवेशात पाहावयास मिळते.

तरीही ट्रेंचचा ठपका आम्हांस थोडा एकांगी वाटतो. तो पोऱ्या आळशी नव्हता. त्याला दोन गिऱ्हाईके होती. 'नंतर येतो' असे तोंडावर सांगणे सेवकाला शोभत नाही, म्हणून तो 'आत्ता आलो' म्हणतो. चालढकलीइतकाच यात अदबीचाही वाटा आहे. आपल्या शिंप्याचे 'आत्ता देतो' आठवा.

मराठीतही असा एक शब्द आहे. संस्कृतात 'तूर्त' म्हणजे त्वरित, वेगवान. मराठीत 'तूर्त राहू द्या' म्हटले म्हणजे काम पुढे गेले! 'तुरत' मात्र आपल्या जागी उभा आहे.

व्यापारी या बाबतीत शहाणे. पैशाचा प्रश्न आला की त्यांनी क्रियाविशेषणावर कधी विसंबले नाही. आपल्याकडे दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी असे दोन प्रकार होते. दर्शनी म्हणजे पाहताक्षणी पैसे मोजावयाचे. इंग्रजांच्या हुंड्याही 'दाखवताच' अथवा 'मागताच' देय असत. पेशवाईतील पत्रांत 'पत्रदर्शनी निघोन यावे' असे लिहीत, तेही याच जातीचे. ज्या शब्दाला डोळ्यांनी दिसणारी घटना बांधलेली आहे तो सहसा घसरत नाही. उलट कायद्याने आपला म्हणून जपलेला 'फोर्थविथ' हा शब्द पाहा. तो 'तत्काळ'साठी योजलेला, पण आपल्या न्यायालयांनी त्याचा अर्थ 'टाळता येण्याजोगा विलंब न लावता' असा लावला आहे.

राहता राहिला 'सध्या' हा अर्थ. तो पंधराव्या शतकापासूनचा आहे. इंग्लंडच्या ग्रांथिक भाषेतून तो मध्यंतरी मागे पडला, स्कॉटलंडात टिकला, आणि विसाव्या शतकात अमेरिकेत पुन्हा जोरात आला. तेव्हा शुद्धलेखनाच्या पहारेकऱ्यांनी नवी अशुद्धी म्हणून त्याच्यावर काठी उगारली. नवी कसली? घरचा जुना मालक परत आला होता. हिंदुस्थानातील इंग्रजीत तर हाच अर्थ रुळला आहे. 'अमुक अधिकारी प्रेझेंटली रजेवर आहेत' यात कोणाचा घोटाळा होत नाही, कारण क्रियापद वर्तमानकाळाचे आहे. 'प्रेझेंटली येतील' म्हटले तर भविष्यकाळ सांभाळून घेतो. 'साहेब प्रेझेंटली निघत आहेत' असा निरोप आला म्हणजे मात्र मोटार आत्ताच दारात लावावी की चहा पिऊन घ्यावा, हे ड्रायव्हरने साहेबांच्या सवयीवरूनच ठरवावे.