चामड्याची टिकली

बिलियर्डच्या काठीवरची टिकली झिजली, की मी ती खरवडून काढतो, टोक सपाट घासतो, सरस लावून नवी बसवतो आणि कडा तासून तिला गोलाई देतो. नखाएवढे ते चामडे. पण त्यामागे एका बंदिवानाची कथा आहे.

पूर्वी काठीचे टोक नुसत्या लाकडाचे असे. चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला टोला बसला, की ते घसरे. फ्रान्समधील कॅप्टन फ्रान्स्वा मँगो राजकीय कैदी होता. तुरुंगात बिलियर्ड खेळतानाच त्याला चामड्याची युक्ती सुचली, असे सांगतात. हा काळ १८०७ च्या सुमाराचा. खडू लावलेले चामडे घसरत नाही. म्हणून चेंडू फिरकी घेऊ लागला, आदळून मागेही परतू लागला. १८२७ साली मँगोने पॅरिसमध्ये या खेळावर पुस्तकच काढले.

पुढे पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी याच टिकलीच्या बळावर १९५८ साली कलकत्त्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये हौशी बिलियर्डचे जगज्जेतेपद जिंकले.

सत्तेने मँगोला कोंडले खरे. त्याची टिकली मात्र काठीच्या टोकावर बसून जगभर हिंडली!