शेवटचा शब्द कोणाचा? ‘मेक’च्या प्राधान्यक्रमाची कथा

१९७६ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन संतापून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. प्रोग्राममधील चूक शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली होती. प्रत्यक्षात चूक आधीच दुरुस्त झाली होती. ती फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहून गेली होती. आदल्या संध्याकाळी फेल्डमनही अशाच घोळात अडकले होते. त्यातून ‘मेक’ जन्माला आले: कोणती फाइल बदलली ते पाहून आवश्यक तेवढेच पुन्हा घडवणारे साधन. त्याच्या सूचना ‘मेकफाइल’मध्ये लिहिल्या जात.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आले. प्रोग्राम सुरू होताना त्याला वारशाने मिळणाऱ्या नाव-मूल्यांच्या या जोड्या. पुढे मेकही त्या वाचू लागले आणि पेच उभा राहिला. कंपायलर कोणता, हे ‘सीसी’ या व्हेरिएबलवरून ठरते. मेकफाइलमध्ये एक कंपायलर लिहिलेला, एन्व्हायर्नमेंटमध्ये दुसरा. मग ऐकायचे कोणाचे?

रूढ झालेला क्रम असा: तळाशी मेकची अंगभूत मूल्ये, त्यांच्यावर एन्व्हायर्नमेंट, त्यावर मेकफाइल आणि सर्वांत वर कमांड लाइनवर टंकलेले मूल्य.

एन्व्हायर्नमेंटला इतके खालचे स्थान का? कारण ते बहुधा नकळत आलेले असते. कित्येक महिन्यांपूर्वी लॉगिनच्या फाइलीत लिहिलेली ओळ लिहिणाराच विसरलेला असतो. तिला मेकफाइलवर मात करू दिली, तर एकच मेकफाइल दोन सहकाऱ्यांकडे दोन निरनिराळे प्रोग्राम घडवील, आणि जॉन्सन यांच्यासारख्या आणखी कित्येक सकाळी वाया जातील. कमांड लाइनवरचे मूल्य मात्र कोणीतरी त्याच क्षणी, जाणूनबुजून दिलेले असते.

अर्थात पळवाटा आहेतच. ‘-ई’ हा पर्याय दिल्यास एन्व्हायर्नमेंट मेकफाइलच्या वर चढते. ग्नू मेकची मार्गदर्शिका ही सवय चांगली मानत नाही. उलट, ग्नू मेकमधील ‘ओव्हरराइड’ हा शब्द लिहिला की मेकफाइल कमांड लाइनलाही जुमानत नाही.

सर्वांत बोलका अपवाद ‘शेल’ या व्हेरिएबलचा. वापरकर्ता टंकण्यासाठी कोणता शेल पसंत करतो, ते त्यात नोंदलेले असते. ही वैयक्तिक आवड आहे. मेकफाइलमधील आज्ञा त्यावर चालू लागल्या, तर त्या एकाकडे चालतील आणि दुसऱ्याकडे मोडतील. म्हणून युनिक्सवर ग्नू मेक एन्व्हायर्नमेंटमधील हे मूल्य विचारातच घेत नाही.