साष्टीतील लेणी आणि मागाठाण्याचे शेत

प्राचीन विहार पाहावयाचे म्हणजे अजिंठ्याची किंवा कार्ल्याची वाट धरावी, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः विक्रोळीहून पवईच्या तळ्याकाठाने पश्चिमेस निघाल्यास थोड्याच वेळात अंधेरीनजीकची कोंडिवट्याची टेकडी लागते. तेथून उत्तरेस बोरिवलीच्या अरण्यात कान्हेरी, व अरण्याबाहेर वस्तीत मागाठाणे. ही प्रदक्षिणा एका दिवसात होते. परंतु पाहणारे बहुधा कान्हेरीवरूनच परततात. त्यामुळे या इतिहासाचा अर्थच हातचा जातो, असे आम्हांस वाटते.

कोंडिवट्याच्या लेण्यांस लोक जवळच्या देवळावरून महाकालीची लेणी म्हणतात. तेथील स्तूप वर्तुळाकार खोलीत असून तिच्या भिंतीस दगडी जाळ्या आहेत. अशी धाटणी महाराष्ट्रात विरळा. तिचे साम्य शोधावयास बिहारातील बराबर टेकड्यांपर्यंत जावे लागते.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी. येथे शंभरांवर लेणी कोरलेली आहेत. येथील मोठे चैत्यगृह दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, यज्ञश्री सातकर्णीच्या काळी सिद्ध झाले. लेण्यालेण्यापाशी पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत त्यास ‘पोढी’ म्हटले आहे, आणि हा शब्द आपले गडकरी अद्यापि विसरलेले नाहीत. पुढे बौद्ध नसलेल्यांसही या स्थळाचे आकर्षण वाटले. इ. स. 1009 व 1021 मध्ये येथे आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली आहेत.

परंतु अरण्यातील हा एवढा संघ जगत होता कशावर? याचे उत्तर शिलालेखच देतात. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतील व्यापारी व गृहस्थ येथे दाने देत. मुद्दल न मोडता व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय व्हावी, म्हणून ठेवलेल्या रकमेस ‘अक्षयनीवी’ म्हणत. यज्ञश्रीच्याच राजवटीत कल्याणच्या एका गृहस्थाने अशा ठेवीबरोबर एक शेतही दिले. ते शेत ‘मंगलठाण’ गावचे. हेच आजचे मागाठाणे होय, असे पंडित मानतात.

याच मागाठाण्यात सहाव्या शतकाच्या सुमारास स्वतंत्र लेणी कोरली गेली. कान्हेरीस अरण्याने राखले. मागाठाण्याच्या लेण्यांस घरांच्या दाटीने वेढले, आणि तेथील शिल्पे झिजून गेली. भव्य ते जपावे व लहान ते जाऊ द्यावे, हा हिशेब येथे फसतो. कारण कान्हेरीचा विहार ज्या शेताच्या धान्यावर उभा होता, ते शेत मागाठाण्याचे होते. त्याची खूण पुसली, की कान्हेरी ही लोकांच्या आश्रयावर जगलेली संस्था न राहता केवळ एकांतातील अद्भुत शिल्प होऊन बसते. साष्टीच्या जुन्या समाजाची साक्ष मग देणार कोण? म्हणून वाचकांस आमची विनंती इतकीच की, कान्हेरी पाहावी, आणि त्याच दिवशी मागाठाण्यासही जावे. जे लोक पाहावयास जातात, ते राखण्याची चाड सरकारासही उत्पन्न होते.